कंपन्या फुटल्या, म्हणून संगीत रंगभूमी वाढली

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून उभारलेलं हे १९१५ सालचं ‘पॅलेस थिएटर’. सारं कोल्हापूर हळहळलं, पुनर्बांधणीची घोषणा झाली, निधी जाहीर झाला. हे सगळं योग्यच झालं. पण त्या वास्तूला ज्यांचं नाव आहे, त्यांची खरी कमाई वास्तू नव्हती. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला, वयाची अठरा वर्षंही पुरी झालेली नसताना, केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली होती.

महाराष्ट्रात नाट्यगृहाला पैसा मिळतो. स्पर्धेला, महोत्सवाला, पुरस्काराला मिळतो. व्यावसायिक नाटकाला प्रयोगामागे अनुदानही मिळतं. पण बारा महिने एकत्र राहून तालीम करणाऱ्या, पगारी नट आणि साथीदार सांभाळणाऱ्या संगीत नाटकाच्या कंपनीसाठी कुठल्याच अंदाजपत्रकात ठळक जागा नाही. आणि मराठी संगीत नाटक जेव्हा जेव्हा वाढलं, तेव्हा ते अशा कंपन्यांमुळेच वाढलं. त्याहीपेक्षा गमतीची गोष्ट म्हणजे, या कंपन्या फुटत गेल्या म्हणून वाढलं.

सुरुवात सांगलीपासून करावी लागते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ केलं. कानडी मुलखातून आलेल्या मंडळींचा खेळ पाहून संस्थानिकांना आपल्याकडंही असं काही व्हावं असं वाटलं, ही त्यामागची हकीकत. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि दरबारचा आधार तुटला. भाव्यांनी मग तोच खेळ गाडीवर घातला आणि गावोगाव तिकीट लावून केला. राजाश्रय सुटल्यावर नाटक मेलं नाही, उलट ते धंदा झालं. पुढची ऐंशी वर्षं मराठी नाटकाचा संसार याच गाडीवर चालला.

त्या संसाराला शास्त्रीय संगीताची बैठक दिली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी. आज कर्नाटकात असलेल्या गुर्लहोसूरचा हा माणूस, पुण्यात सरकारी नोकरीत. पारशी कंपनीची ‘इंद्रसभा’ पाहिली आणि मराठीत असं का होऊ नये, हा किडा डोक्यात शिरला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. कालिदासाचं नाटक, पदं दोनशेच्या आसपास. तोवर गायचं काम बहुतेक सूत्रधाराकडं असे. इथं दुष्यंत स्वतः गाऊ लागला, शकुंतला स्वतः गाऊ लागली. मोरोबा वाघुलीकर आणि बाळकोबा नाटेकर ही गाणारी माणसं अण्णांच्या गाठीला होती. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. त्याच साली बडोद्याहून आलेला भाऊराव कोल्हटकर नावाचा तरुण कंपनीत दाखल झाला आणि त्याच्या गळ्यानं महाराष्ट्र वेडा झाला.

अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. ‘रामराज्यवियोग’ अर्धं राहिलं. कंपनीचा कर्ता, नाटककार, तालीम मास्तर आणि नट एकच माणूस असेल आणि तोच गेला, तर पुढं काय? किर्लोस्कर मंडळी संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण अण्णांच्या हाताखाली तयार झालेले लोक घरातच होते. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी तालमी हाती घेतल्या, नाटकं लिहिली. १८९९ मध्ये त्यांचं ‘शारदा’ आलं. जरठ-कुमारी विवाहावर बोट ठेवणाऱ्या या नाटकानं पौराणिक कथांच्या पलीकडंही संगीत नाटक चालतं, हे दाखवून दिलं. सुरुवातीला स्त्री-भूमिका करणारे शंकरराव मुजुमदार व्यवस्थापक झाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारखा नाटककार कंपनीनं बाहेरून आणला. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. चार वर्षांनी, १९०५ साली, मिरजेला नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतलेच्या वेषात उभा राहिला. तो बालगंधर्व.

हा पंचवीस वर्षांचा प्रवास नीट पाहावा. मालक गेला, भाऊरावांचा गळा गेला, तरी कंपनी चालली. याचं श्रेय कुणा एकाच्या प्रतिभेला देता येत नाही. ते बिऱ्हाडाला द्यावं लागतं.

नाटक कंपनीचं बिऱ्हाड म्हणजे एक फिरतं गावच असे. मालक, भागीदार, पगारी नट, साथीदार, पडदे सांभाळणारे, कपडेपटाचे लोक, आचारी. एका गावी महिना-दीड महिना मुक्काम, मग सामान बांधून रेल्वेनं पुढचं गाव. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी गद्याची, रात्री खेळ. दहा-बारा वर्षांचं पोर कंपनीत यायचं ते आधी बालभूमिका करायचं, विंगेत उभं राहून मोठ्यांची कामं पाठ करायचं. आवाज फुटेपर्यंत स्त्री-पार्ट, मग नायक किंवा खलनायक, आणि गळा साथ देईनासा झाला की तालीम मास्तर किंवा व्यवस्थापक. शाळा, नोकरी आणि घर एकाच छपराखाली असल्यामुळं विद्या वाया जात नव्हती.

संगीत नाटकाला ही व्यवस्था का लागते, हे एका छोट्या जागेवरून कळतं. सुभद्रेचं एखादं वाक्य संपत आलं आहे. खाली पिटात ऑर्गनवाल्यानं हलकेच सूर धरला आहे, प्रेक्षकाला तो अजून ऐकूसुद्धा आलेला नाही. नटीनं वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द बोलण्याच्या पट्टीतून उचलून त्या सुराजवळ आणायचे, पण गाऊन टाकायचे नाहीत. मग श्वास. मग पदाचा पहिला शब्द, तोही वाक्यातली तक्रार किंवा लाज तशीच ठेवून. तबला पहिल्या ओळीच्या समेवर उतरणार, तोवर समोरच्या अर्जुनानं उगाच उभं राहायचं नाही, ऐकायचं. पद रंगलं, ‘वन्स मोअर’ आला, तर दुसऱ्यांदा गाताना आलाप वाढेल. पण परत गद्यात उतरताना पात्र हरवता कामा नये. ही ये-जा चुकली की नाटकाची मैफल होते, आणि मैफल ऐकायची तर लोक मैफलीलाच जातील. ऑर्गनवाला आणि नटी यांनी शंभर वेळा एकमेकांबरोबर ही जागा केलेली असेल तरच ती बिनबोभाट जाते. देवल मास्तर तालमीत नेमकं हेच घोटून घेत: शब्दाचा अर्थ आधी, सूर त्याच्या मागून.

आता फुटण्याकडं वळू. १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर मंडळीनं मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगमंचावर आणलं. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते भामिनीच्या वेषात उभे राहिले, ही आठवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यामागं राहून जाते ती दुसरी गोष्ट, नाटकाच्या चालींची. गोविंदराव टेंब्यांनी या नाटकाला पूरब अंगाच्या ठुमरी, कजरी, गझलेच्या वळणाच्या चाली दिल्या आणि नाट्यपदाचा चेहराच बदलून टाकला. दोनच वर्षांत, १९१३ मध्ये, कारभाराच्या वादातून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे तिघंही किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’ उभी राहिली. जुन्या कंपनीच्या पाठीचा कणाच गेला असं लोकांना वाटलं. पण किर्लोस्करनं नवा गळा शोधला. गोव्याच्या मंगेशीचा दीनानाथ मंगेशकर नावाचा मुलगा तिथं नायिका झाला. १९१८ मध्ये तोही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडला आणि ‘बळवंत संगीत मंडळी’ निघाली. पुढच्याच वर्षी बळवंतनं राम गणेश गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ केलं. १९३१ मध्ये सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ केलं ते याच कंपनीनं.

केशवराव भोसल्यांची गोष्टही याच जातीची. ते घडले स्वदेश हितचिंतक मंडळीत. तिथली त्यांची ‘शारदा’ गाजली. तिथून निघून त्यांनी ललितकलादर्श काढली. टेंबे गंधर्व कंपनीतूनही बाहेर पडले आणि त्यांनी ‘शिवराज नाटक मंडळी’ काढली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं. तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांत घडलेली दोन माणसं एकाच रात्री एका रंगमंचावर उभी राहू शकली, कारण दोघांच्या हाती नाटकाची भाषा एकच होती. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. त्यांची कंपनी मात्र बापूराव पेंढारकरांनी चालवली. त्यांनी १९२२ मध्ये मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ आणलं, पु. श्री. काळे यांच्या वास्तवदर्शी नेपथ्यासह. नंतर बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली. विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ महाराष्ट्रानं पाहिलं ते ललितकलादर्शच्या बॅनरखालीच. सतरा वर्षांच्या मुलानं हुबळीत लावलेलं झाड पन्नास वर्षांनंतरही फळ देत होतं.

एखाद्या कंपनीची वाढ मोजायची तर तिनं किती प्रयोग केले, किती गल्ला जमवला, हा हिशेब पुरत नाही. तिच्यातून बाहेर पडून स्वतःची कंपनी काढू शकतील अशी किती माणसं तिनं घडवली, ते पाहावं लागतं. या मापानं किर्लोस्कर मंडळीच्या जवळपास जातील अशा संस्था भारतीय रंगभूमीवर फार थोड्या सापडतील. तिच्या पोटातून गंधर्व आणि बळवंत निघाल्या. गंधर्व कंपनीत पुन्हा मास्टर कृष्णराव घडले. ते पुढं ‘प्रभात’चे संगीतकार झाले. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असा साज असलेल्या त्या पिटात बसून ज्यांनी ऐकलं, त्यांना आणखी कुठल्या गाणाऱ्याच्या घरी शिकायला जायची गरजच उरली नसेल.

कुणी म्हणेल, हे स्मरणरंजन झालं. कंपनीचा जमाना काही सोन्याचा नव्हता. ते खरंच आहे. भागीदार आणि नोकर यांच्यात दरी होती, लहान मुलांना राबवलं जाई, पगार थकत, स्त्रियांना तर दारही बंद होतं. हिराबाई बडोदेकरांनी आपल्या बहिणींसह स्वतःची नाट्यसंस्था काढून ते दार ढकललं, तोवर ‘शाकुंतल’ येऊन जवळपास अर्धशतक लोटलं होतं. आणि कंपन्या बुडाल्या त्या केवळ बोलपटामुळं नव्हे. गंधर्व कंपनीचा कपडेपट, अत्तरं, नेपथ्य यांवर होणारा खर्च तिकिटाच्या पैशात बसत नव्हता. टेंबे आणि बोडस निघून गेल्यावर हिशेबाला आवर घालणारं कुणी उरलं नाही. कर्ज चढत गेलं. बालगंधर्व फुकटचा निधी घ्यायला तयार नव्हते आणि गाऊनच ते फेडायचं म्हणत, असं सांगितलं जातं. ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ ला आला, टेंबे स्वतः त्यात हरिश्चंद्र झाले. १९३५ ला बालगंधर्व ‘धर्मात्मा’मध्ये पडद्यावर गेले. नाटकगृहांची सिनेमागृहं झाली. एका मोठ्या नटाच्या नावावर चाललेली कंपनी त्याच्या वयाबरोबर म्हातारी झाली.

हा धडा महत्त्वाचा आहे, पण तो कंपनीच्या विरोधात जात नाही. अण्णासाहेबांची मंडळी कर्ता गेल्यावर पंचवीस वर्षं वाढली, कारण तिथं सत्ता आणि विद्या वाटलेली होती. गंधर्व कंपनी एका माणसाभोवती गोळा झाली आणि त्याच्याबरोबर खचली. बुडवलं ते कंपनी या व्यवस्थेनं नव्हे, तिच्यातली वाटणी बंद झाली त्यानं.

साठच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उभारीला आलं तेव्हाही मागं संस्था होत्या. धि गोवा हिंदू असोसिएशननं १९६४ मध्ये वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ आणलं, जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’नं २४ डिसेंबर १९६७ ला पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आणलं, वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसह. अभिषेकीबुवांनी पदांची संख्या कमी केली, लांबण कापली आणि नव्या प्रेक्षकाला गाणं पचेल असं केलं. पुण्यात जयराम आणि जयमाला शिलेदारांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था चालवली आणि मुलींना घरातच तयार केलं. कीर्ती शिलेदार २०२२ च्या जानेवारीत गेल्या, तेव्हा आई-वडिलांकडून मुलीकडं गेलेली ती तालीमही थांबल्यासारखी झाली.

आता काय उरलं आहे? राज्य संगीत नाट्य स्पर्धा आहे, आणि तिच्यामुळं रत्नागिरीसारख्या गावांतून दरवर्षी काही संघ उभे राहतात. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरी आजही रात्रभर संगीत नाटक करतात, कला अकादमीच्या स्पर्धा आहेत. या लोकांचं ऋण मान्य करायलाच हवं. पण स्पर्धेतला संघ म्हणजे बँकेत, शाळेत, दुकानात दिवसभर काम करून संध्याकाळी जमणारी माणसं. ऑर्गनवाला दुसऱ्या गावचा, तबलजी तिसऱ्या. प्रयोग होतो, निकाल लागतो, संघ पांगतो. पुढच्या वर्षी पुन्हा नव्यानं सुरुवात. व्यावसायिक रंगभूमीवर नट ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक पैशांवर, काम करतो आणि उद्या मालिकेचं शूटिंग लागलं की प्रयोग पुढं ढकलावा लागतो. अशा जुळवाजुळवीतून एखादा उत्तम प्रयोग निघतो, पण नवा तालीम मास्तर तयार होत नाही.

प्रेक्षकच नाही, ही सबब तर कधीच खोटी ठरली आहे. २०१५ मध्ये ‘कट्यार’ चित्रपट झाला आणि तिकीटबाऱ्यांवर गर्दी झाली. २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ही पडद्यावर आलं. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ हे तर जुन्या साच्याबाहेरचं नाटक: रंगमंचावर दोनच स्त्रिया, अभंगाच्या वळणाचं गाणं. ते पाहायला तरुण प्रेक्षक रांगा लावून आला. गाणारं नाटक लोकांना हवं आहे. ते सातत्यानं करू शकणारी माणसं मात्र दर वेळी नव्यानं शोधावी लागतात.

शेजारी कर्नाटकाकडं पाहिलं तर यावर वेगळा विचार झालेला दिसतो. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या लहानशा गावात के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये ‘नीनासम’ सुरू केलं. १९८० मध्ये तिथं नाट्यशाळा निघाली, १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ हा फिरता नाट्यसंच. दरवर्षी ताज्या दमाचे नट काही महिने एकत्र तालीम करतात आणि तीनेक नाटकं घेऊन राज्यभर हिंडतात. म्हैसूरला १९८९ मध्ये ब. व. कारंतांच्या पुढाकारानं ‘रंगायण’ हा सरकारी रेपर्टरी संच निघाला. पुढं त्याच्या शाखा धारवाड, शिवमोग्गा, कलबुर्गीला झाल्या. भाव्यांना प्रेरणा मिळाली ती कानडी खेळातून, किर्लोस्कर जन्मले कानडी मुलखात, केशवरावांची कंपनी निघाली हुबळीत. बिऱ्हाडाची कल्पना मात्र कर्नाटकानं नव्या रूपात जपली आणि आपण तिचा पुतळा केला.

सरकारी कंपनी म्हणजे आणखी एक खातं होईल, बदल्या आणि फायली सुरू होतील, ही भीती अनाठायी नाही. ‘रंगायण’लाही राजकीय नेमणुकांचे वाद चुकलेले नाहीत. म्हणूनच ती सरकारनं चालवू नये, फक्त पैसा द्यावा आणि तोही मुदत घालून. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेच्या हाती तीन वर्षांसाठी वीस माणसांचा संच द्यावा. त्यात बारा-चौदा गाणारे नट-नटी, ऑर्गन, तबला, व्हायोलिन वाजवणारे साथीदार, एक तालीम मास्तर, एक हिशेबनीस. पगार महिन्याला, ‘नाइट’वर नाही. वर्षाला तीन नाटकं: एक जुनं, एक साठच्या दशकातलं, एक कोरं. मुक्काम फक्त मुंबई-पुण्याला नको. तालुक्याच्या गावीही हवा, जिथं नाट्यगृहं बांधून ठेवली आहेत आणि वर्षाचे बहुतेक दिवस ती लग्नाला किंवा सभेला दिली जातात.

आणि करारात एक कलम मुद्दाम घालावं: तीन वर्षांनंतर त्याच माणसांना मुदतवाढ मिळणार नाही. ज्यांना पुढं जायचं आहे त्यांनी बाहेर पडून आपली कंपनी काढावी. पहिल्या वर्षाचं भांडवल, कपडेपट आणि ऑर्गन त्यांना कर्जाऊ मिळेल. १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्करमधून भांडून निघाले होते. सरकारी कागदावर तेच काम न भांडता करता येईल. सांस्कृतिक कार्य विभागानं पुढच्या अंदाजपत्रकात अशा एका संचाची तरतूद करावी, आणि तो पहिला प्रयोग कुठल्या गावी लावणार हे ठरवायचा अधिकार संचालकाला नव्हे, संचातल्या लोकांना द्यावा.